सप्ताहाचा माईक आणि मशिदीचा भोंगा: ग्रामसभेच्या ठरावाला अर्थ आहे का?

गोदाकाठ (परभणी)
गावात माघात अखंड हरिनाम सप्ताह असतो. काकडा पहाटे 4 ला, कीर्तन रात्री 9 ते 11, पुढं जागर, सगळं माईकवर. यंदा ग्रामसभेत ठराव येतोय: मशिदीवरचा भोंगा कायमचा उतरवायचा, सप्ताहाला मात्र रात्रभर मोकळीक. बहुतेक घरं वारकरी, म्हणजे ठराव मंजूर होणारच. मोहल्ल्यातले लोक म्हणतात, नियम लावा पण सगळ्यांना लावा. त्यात बारावीची परीक्षा तोंडावर. हा ठराव टिकेल का? आणि सगळ्यांना पटेल असं काय करता येईल?

काळाकोट (लातूर)
ठरावातल्या दोन्ही गोष्टी टिकणार नाहीत. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सवलत देऊ शकतं, ग्रामसभा नाही. ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात, यादी बघून घ्या. सप्ताहाचे दिवस यादीत असले तरी 12 च्या पुढचा जागर आणि 4 चा काकडा माईकवर बसत नाहीच.

दिवसा लेखी परवानगी लागते, मंदिराला आणि मशिदीलाही. निवासी भागाची दिवसाची मर्यादा 55 डेसिबल. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्यापेक्षा 10 जास्त, म्हणजे 65 पर्यंत चालतं. शाळा-दवाखान्यापासून 100 मीटरपर्यंतचा भाग सरकारने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. लोक नेमकं हेच विसरतात, कारण मंदिर बहुधा शाळेला लागूनच असतं.

पारावरचा (बीड)
मग गावाच्या श्रद्धेला काही किंमतच नाही का?

काळाकोट (लातूर)
आहे की दादा. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादमधली पर्युषणातली (जैनांचं पर्व) 9 दिवसांची कत्तलखाना बंदी वैध ठरवली. थोडे दिवस, ठरलेला काळ, म्हणून ती वाजवी मानली. एकाचा भोंगा कायमचा काढून दुसऱ्याला रात्रभर सूट यात तसं काहीच नाही. राज्यघटनेच्या कलम 25 चं धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून आहे, आणि ते प्रत्येक व्यक्तीला आहे. भोंगा हा धर्माचा आवश्यक भाग नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये पुन्हा सांगितलं. तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी, असंही त्याच निकालात आहे.

साऊंडवाला (जिंतूर)
यातलं निम्मं भांडण कर्ण्यांचं आहे. कर्णा आवाज एका दिशेला लांब फेकतो. 1 मीटरवर 105 डेसिबल असेल तर उघड्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण 6 कमी होतात, म्हणजे 32 मीटरवर अजून 75. मंडपाच्या कडेला लगेच घरं असतील तर 65 गाठणं अशक्य. कर्णे काढा. मंडपात चार-सहा लहान कॉलम स्पीकर श्रोत्यांच्या डोक्याच्या वर, खाली झुकवून, आतल्या बाजूला तोंड करून लावा. जास्त स्पीकर, प्रत्येकाचा आवाज कमी. एकच मोठा बॉक्स स्टेजजवळ ठेवला की मागच्यांसाठी आवाज वाढवावा लागतो, तिथंच सगळं बिघडतं. आवाजाची पातळी ठरली की अॅम्प्लिफायरच्या बटणावर खूण करा आणि ते बटण हाताळायचं काम एकाकडेच द्या. मोबाइलवरचं डेसिबल अॅप अंदाजापुरतं, वादात कामाचं नाही.

टाळकरी (नांदेड)
सप्ताह अखंड राहतो तो विण्याच्या पहाऱ्यानं, त्याला माईक लागत नाही. कीर्तन 7.30 ला उभं करा, 9.45 ला आरती. महाराजांना तारीख घेतानाच वेळ सांगा, आयत्या वेळी कुणी ऐकत नाही. हरिपाठ थोडा आधी घ्यावा लागेल आणि जेवणाच्या पंगती कीर्तनानंतर बसवाव्या लागतील. काकडा आणि जागर मंदिराच्या आत, टाळ-मृदंगावर. पहाटे माईक नसला की म्हणणारे उलट वाढतात.

मशिदीचंही तसंच. माघात सूर्योदय पावणेसातच्या पुढं असतो, त्यामुळे फजरची (पहाटेच्या नमाजाची) अजान बऱ्याचदा सहानंतर बसवता येते. उन्हाळ्यात नाही बसत, तेव्हा आतल्या आत, बाहेरचा भोंगा बंद. जमातच्या सदरांशी (मशिदीच्या समाजाचे अध्यक्ष) आणि सप्ताह कमिटीशी आधी एकत्र बोला, ग्रामसभा नंतर. एकच कागद करा, वेळा दोघांच्याही लिहा, सह्या दोघांच्याही घ्या, एक प्रत ठाण्यात द्या. मशिदीचा कागद वेगळा केला तर ते लोक सही करणार नाहीत, आणि त्यांनी का करावी?