धोरण-संशोधनाचं काम शिकायचंय, पण खान्देश सोडायचा नाही. काय करू?

शिरपूरची_पोर
नमस्कार मंडळी. जळगावच्या विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. केलं, मग दोन वर्षं एमपीएससी. आता त्यावरचं मन उडालंय. गेल्या उन्हाळ्यात एका संस्थेच्या सर्वेक्षणासाठी पळासनेर-बोराडीकडच्या पाड्यांवर फिरले. चौदा पानांची प्रश्नावली होती. एका आजीने पावरी बोलीत काहीतरी विचारलं आणि सोबतच्या पोराने मराठीत सांगितलं, "मागच्या सालीही आले होते म्हणते, त्याचं काय झालं?" मी पेनाचं टोपण लावलं आणि पाणी मागितलं. उत्तर नव्हतंच.
टिस (टाटा समाजविज्ञान संस्था)? अझीम प्रेमजी विद्यापीठ? फेलोशिप? की सरळ इथल्याच एखाद्या संघटनेत जाऊ? घरी रोज "पोर काय करी राहिनी?" चालू आहे, म्हणून जरा लवकर सांगा.

खापरावरची
टिस मुंबईलाच असतं असं नाही, तुळजापूरलाही आहे, ग्रामीण भागावर भर असलेलं. मुख्यमंत्री फेलोशिपची जाहिरात आली की आधी वयाची अट बघा, फार लवकर हुकते. बाकी जाणकार सांगतील.

साक्रीकर
ताई, पदवी घ्या नाहीतर नका घेऊ, आधी सहा महिने वनहक्काच्या, म्हणजे जंगलजमिनीवरच्या दाव्यांच्या फाइली वाचा. चेष्टा नाही करत. मी पंधरा वर्षं हेच केलं.
एक फाइल सांगतो. कागद पिवळे, पिन गंजलेली, आत दावेदाराचा अंगठा. वर शेरा चार शब्दांचा: 'पुरावा अपुरा, दावा अमान्य.' आता कायदा काय म्हणतो? आदिवासी असाल आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलजमीन कसत असाल तर ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. पुराव्यात गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब चालतो, शेतातला जुना बांध, विहीरही चालते. असे एकाहून जास्त पुरावे लागतात, पण अमुकच कागद आणा म्हणून अडून बसता येत नाही. नाकारायचं तर कारण देऊन दावेदाराला कळवायचं, कारण अपिलाला ६० दिवस असतात. या माणसाला कुणी कळवलंच नव्हतं. फाइलीत तीन जबाब होते, त्यांच्याबद्दल शेऱ्यात चकार शब्द नाही.
एका फाइलीने काही होत नाही. अशा पन्नास वाचल्यावर कळतं की चूक एका कारकुनाची नाही, छापील नमुन्यातच कारण लिहायला बोटभर जागा आहे. नमुना बदला म्हणून बोलायला लागलात की झालं, ती पैरवी. लोकांना वाटतं पैरवी म्हणजे मंत्रालयाबाहेर घोषणा. त्याही लागतात, नाही म्हणत नाही.
माहिती अधिकाराचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. प्रश्न मात्र 'का' असा विचारायचा नाही, ते उडवून लावतात. 'अमुक फाइलीतील पान क्रमांक इतके ते इतके यांच्या प्रती' असं मागायचं.
आणि पावरी शिका. अहिराणी आपली आहेच, पण सातपुड्यात ती पुरत नाही.

तापीकाठ
काका, सगळं मान्य, पण पोरीने खायचं काय? इथल्या छोट्या संस्थेत मानधन प्रकल्प असेपर्यंत. प्रकल्प संपला की घरी. मी स्वतः आठ महिन्यांचे पैसे अजून मागतोय, संस्थेचं नाव नाही घेत. पदवी असली की दुसरं दार उघडं राहतं.
शिवाय नुसतं फिरून भागत नाही. मेधाताई पाटकर टिसमधूनच आल्या आणि नर्मदेवरच्या धरणात बुडणाऱ्या अक्कलकुवा-अक्राणीच्या गावांत राहिल्या. त्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्राची ३३ गावं. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने गावं पाहिली, निवेदनं वाचली आणि १९९२ ला लिहिलं की या परिस्थितीत पुनर्वसन शक्य नाही. १९९३ ला बँकेच्या कर्जाचा उरलेला भाग थांबला. पुढे धरण झालं तो भाग निराळा. पण साहेबाला कळेल अशा भाषेत गावाचं म्हणणं लिहिणारं कुणी तरी लागतं. ते कॉलेजात शिकवतात, पाड्यावर नाही.

साक्रीकर
मानधनाचं खरं आहे, तिथे मी हरलो. पण भाषेचं पटत नाही. आमच्या तालुक्यातलं बारीपाडा गाव बघून या. जंगलाचे नियम, दंड, सगळं गावाने बसून ठरवलं. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री जाहीर झाली, तोवर कितीतरी अभ्यासक तिथे शिकायला येऊन गेले होते.

खापरावरची
दोघं भांडा, मी शेवभाजी करते. ताई, एक मधली वाट: वर्षभर इथे काम, प्रवेशपरीक्षा सोबत. मुलाखतीला त्या पिवळ्या फाइलीबद्दल बोललात तर पॅनल मोबाइल खाली ठेवेल.

शिरपूरची_पोर
सगळ्यांचे आभार. परीक्षेचा फॉर्म भरते. पण आधी त्या संस्थेकडे मागच्या दोन्ही सर्वेक्षणांचे अहवाल मागितलेत. एक मिळाला, इंग्रजीत आहे. आजीच्या पाड्याची चार पानं मराठीत करून पावरी येणाऱ्या त्या पोराबरोबर वाचून दाखवायला जाणार आहे. साक्रीकर काका, फाइल बघायला धुळ्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात कधी जाऊ?

साक्रीकर
महिन्याचा पहिला सोमवार सोडून. त्या दिवशी साहेब लोकांच्या तक्रारी ऐकायच्या लोकशाही दिनाला असतात. सकाळी साडेदहाला पोचा, झेरॉक्सवाला जेवायच्या सुट्टीत बंद करतो.