शब्दचर्चा : ‘मेला’, ‘बाद’ आणि ‘मरू दिला’

टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांत प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राच्या वतीने बोलतो-वागतो आणि सूत्रधार गोष्ट चालवतो. अशा खेळात खेळाडूचे पात्र मरते, तेव्हा त्या घटनेला मराठीत नेमके काय म्हणावे आणि ‘पात्राचा मृत्यू’ हा शब्दप्रयोग चालेल का, असा प्रश्न आहे. नियमपुस्तिकेचा अनुवाद करायचा असेल तर तो खुशाल चालेल. मात्र आमच्या गटात गेली काही वर्षे हा खेळ बराचसा मराठीतूनच चालतो आणि तिथे हा शब्द मी एकदाही ऐकलेला नाही. ‘मी दार ढकलतो’, ‘मी त्याच्या अंगावर धावून जाते’ असे खेळाडू तासन्‌तास प्रथम पुरुषी बोलत असतात. दान उलटे पडले की त्यांतले काही जण ‘मी मेलो’ म्हणतात, तर काही जण त्याच क्षणी तृतीय पुरुषात सरकून ‘माझा बुटका गेला’ म्हणतात (बुटका म्हणजे खेळातले बुटक्या जमातीचे पात्र). कोणाला किती लागले आहे, हे मला या सर्वनामावरूनच कळते.

‘मेला’ हा शब्द आपल्या मैदानी खेळांत पूर्वीपासून आहे आणि गोंधळाचे एक मूळ तिथेच असावे, असे मला वाटते. कबड्डीत गडी ‘मरतो’, पण समोरचा गडी बाद झाला की मेलेला पुन्हा उठतो; म्हणजे ते मरण रेषेबाहेर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहण्यापुरतेच असते. शिवाय गल्लीतल्या खेळात एखादा कच्चा लिंबू असतोच. काही घरांत त्याला दूधभात म्हणतात. तो कितीही वेळा मेला तरी बाद होत नाही आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नसते. हे संस्कार घेऊन टेबलाशी बसलेल्या माणसाला ‘या खेळात पात्र मरू शकते’ असे सांगितले, तर तो मान डोलावतो खरा, पण त्याच्या मनातले मरण कबड्डीचे असते.

खेळाच्या नियमांतही हे मरण एकसारखे राहिलेले नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका-खेळ 1974 साली आला, तेव्हा पात्राचे जीवनगुण (मार लागला की कमी होणारे गुण) संपले की ते मेले, इतका सरळ हिशेब होता. त्याच खेळाच्या 2014 च्या आवृत्तीत जीवनगुण शून्यावर आले की पात्र बहुधा नुसते कोसळते. त्यानंतर आपल्या प्रत्येक पाळीला वीस बाजूंचा फासा टाकायचा, दहा किंवा अधिक पडले तर ते यश, कमी पडले तर अपयश, आणि तीन यशांच्या आधी तीन अपयशे जमली तर मरण. या मधल्या अवस्थेला आम्ही आधी ‘पडला’ म्हणत होतो. मात्र बखरींच्या मराठीत रणात पडलेला माणूस मेलेलाच असतो, म्हणून तो शब्द सोडून ‘घटका मोजतोय’ असे म्हणू लागलो. दानांच्या त्या टांगणीला याहून चपखल मराठी मला तरी सुचलेली नाही. त्यातही मेलेल्याला एका मिनिटाच्या आत तीनशे सुवर्णमुद्रांचे हिरे खर्चून परत उठवणारा मंत्र याच आवृत्तीत आहे, त्यामुळे तिथे ‘मेला’ म्हटल्यावरही ‘हिरे आहेत का?’ हा प्रश्न शिल्लक राहतोच. 1984 च्या ‘पॅरानोइया’ या दुसऱ्या भूमिका-खेळात तर प्रत्येक खेळाडूला एकाच पात्राच्या सहा प्रती मिळतात, तिथे मरण हा विनोदाचा भाग असतो.

आता क्रियापदांकडे पाहू, कारण खरी भांडणे तिथे होतात. ‘मेला’ म्हटले की दोष दानावर जातो आणि ‘मारला’ म्हटले की तो सूत्रधारावर येतो. ‘मारून टाकला’ यात मुद्दाम केल्याचा आरोप आहे, आणि ‘मरू दिला’ हा माझ्या मते सर्वांत जड शब्द आहे, कारण वाचवता येत असून वाचवले नाही असे त्यात गृहीत असते. एका रविवारी मी सूत्रधार असताना एका मैत्रिणीचा बुटका घटका मोजत होता. तिने तिसरे दान टाकले आणि चार पडले. तिने फासा तसाच ठेवला, पात्राचा कागद पालथा केला आणि म्हणाली, ‘तू त्याला मरू दिलंस.’ मी सगळे फासे उघड्यावर टाकत होतो, त्यामुळे मला ते अन्यायाचे वाटले. तिने आधी ज्याच्याकडे खेळ केला होता तो मात्र फासे पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकून जीवघेणे दान हळूच बदलत असे आणि तिच्या दृष्टीने सूत्रधाराचे कामच ते होते. मी त्याला रडीचा डाव म्हणत होतो, तर ती त्याला सांभाळून घेणे म्हणत होती.

म्हणूनच खेळाडूंच्या मनातल्या या गोष्टींना ‘अपेक्षा’ म्हणणे मला अपुरे वाटते. अपेक्षा माणसाला स्वतःला ठाऊक असते आणि विचारली तर सांगता येते. इथे असते ते गृहीतक, जे मोडेपर्यंत दिसत नाही. खेळ सुरू होण्यापूर्वी ही गृहीतके उकलण्यासाठी जी बैठक घेतात, तिला इंग्रजीच्या धर्तीवर ‘शून्य सत्र’ म्हटलेले मी ऐकले आहे. आपल्याकडे त्यासाठी ‘बोली’ हा चांगला, व्यवहारातला शब्द आहे. ‘आपली बोली काय झाली होती?’ हा प्रश्न मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आमच्या बोलीत आता तीन गोष्टी असतात: फासे उघडे की झाकलेले, मेलेला परत येतो का, आणि पात्र गेल्यावर खेळाडूने उरलेली संध्याकाळ काय करायचे. तिसरी बाब क्षुल्लक वाटते, पण पात्र मरते आणि खेळाडू बाद होतो, असा फरक भाषेने केला तरी दोन तास नुसते बसून राहिलेल्या माणसाला तो जाणवत नाही.

सगळा गट एकदम मेला तर काय म्हणावे, हेही विचारले आहे. कबड्डीतला ‘लोण’ आधी सुचतो, पण लोण चढल्यावर तो संघ पुन्हा पूर्ण उभा राहतो, म्हणून तो इथे बसत नाही. आम्ही ‘पानिपत झाले’ म्हणतो. कच्च्या लिंबासाठी आणि बाद झालेल्या गड्याला परत घेण्यासाठी विदर्भात, कोकणात, बेळगावकडे कोणते शब्द आहेत, ते जाणकारांनी कृपया सांगावे. परत उठवणाऱ्या त्या मंत्राचे नाव आमच्याकडे अजून इंग्रजीतच अडकले आहे.