वीव्हर म्हणजे फक्त भांडणं नव्हेत

बेसबॉलमधल्या बाल्टिमोर ओरिओल्स संघाचा मॅनेजर (म्हणजे प्रशिक्षक) अर्ल वीव्हर याचं नाव निघालं की सगळी चर्चा तो पंचांशी कसा भांडायचा यावरच होते. भांडायचा खराच, पंचांनी त्याला ९० हून जास्त वेळा मैदानाबाहेर काढलं. पण ओरिओल्सला १९७० ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम विजेतेपदाची मालिका, त्या आरड्याओरड्याने मिळाली नाही. कोणता फलंदाज कोणत्या पिचरसमोर (चेंडू फेकणाऱ्यासमोर) कसा खेळलाय, याची कार्डं तो त्या काळात, संगणकाशिवाय, जवळ ठेवायचा आणि त्यावरून संघ निवडायचा. मला हे फार मोठं वाटतं. स्वतः मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्तरावर, एकही सामना न खेळलेला माणूस हा! बंटचा, म्हणजे स्वतः बाद होऊन साथीदाराला पुढच्या बेसवर सरकवायला चेंडू हलकेच ढकलण्याचा, त्याला तिटकारा. एक धाव मिळवायला हातचा बाद कशाला द्यायचा, असा सरळ हिशोब. १९८२ मध्ये संघातल्या उंचापुऱ्या कॅल रिपकेनला शॉर्टस्टॉपवर (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षणाच्या जागी, जिथे तेव्हा सहसा लहानखुरे, चपळ खेळाडू असत) नेलं तेही यानेच.