मदत हवी आहे: १९८३ साली परभणीत शिवलेला कोट भाचीला हवाय. कापू की नको?

दुधनाकाठ:
नमस्कार मंडळी. प्रश्न एका कोटाचा आहे, पण जरा पाल्हाळ लागणार, सांभाळून घ्या.

१९८३च्या दिवाळीनंतर हा कोट शिवला. मी तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात बीएस्सी ॲग्रीच्या दुसऱ्या वर्षाला होते. वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या. रब्बीच्या प्लॉटवर भल्या सकाळी निरीक्षणं घ्यायला जावं लागायचं, आणि परभणीची थंडी ज्यानं खाल्लीय त्याला मी काय सांगू. डोक्याएवढ्या मालदांडी ज्वारीत शिरलं की पानांवरचं सगळं दव स्वेटरात मुरायचं. मग दहा वाजेपर्यंत ओल्या स्वेटरात कुडकुडायचं.

माझे एक काका फौजेत होते. त्यांनी अमृतसरहून कापड आणलं होतं, अडीच मीटर, मोठ्या पन्ह्याचं. बाटलीच्या काचेसारखा हिरवा रंग, त्यात विटकरी बारीक चौकडी. आणलं होतं वडिलांसाठी. वडील म्हणाले, "मी काय कलेक्टर हाय का कोट घालायला? पोरीला शिवा."

आता पोरीला कोट शिवणार कोण? लेडीज टेलरनं हात लावला नाही. शेवटी नानलपेठेतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे गेलो. त्यांचे वडील निजामाच्या काळात अंमलदारांच्या शेरवान्या शिवायचे. १९४८ला निजामी गेली, पाठोपाठ शेरवानीचं गिऱ्हाईकही आटलं, पण हात यांच्याकडे उतरला होता. बाईमाणसाचा कोट मात्र त्यांनी जन्मात शिवला नव्हता. त्यांनी सरळ गडीमाणसाच्या ओव्हरकोटाचा फर्मा घेतला आणि मापं कमी केली. त्यामुळे खांदे रुंद, कॉलर ही एवढी, लांबी गुडघ्यापर्यंत, आणि बटणंसुद्धा पुरुषांच्या बाजूला. पहिल्या दिवशी घातला तेव्हा होस्टेलच्या मुली मला फौजदारीण म्हणाल्या. मी रडले होते. पुढच्या हिवाळ्यात त्याच मुली पाळी लावून तो घालायच्या, हा भाग वेगळा.

यंदा दिवाळीला भाची आली. ट्रंकेतून कोट काढला, आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, असलेच खांदे आता चालायलेत! हा कुठून घेतलास?" मी म्हटलं, घेतला नाही बाई, रडत रडत शिवून घेतला. जानेवारीत ती दिल्लीला जायलीय शिकायला. कोट तिला हवाय. द्यायला माझी काहीच हरकत नाही. पण तिला तो कमरेपर्यंत कापून हवाय, आणि तिथं माझा जीव अडकलाय. तिचं म्हणणं, लांब कोट म्हातारा दिसतो. माझं म्हणणं, तुला जे आवडलंय ते त्या लांबीमुळेच तर आवडलंय.

कोटाची अवस्था सांगते. कॉलरच्या खालच्या अंगाला बारीक भोकं आहेत, काही ठिकाणी कापड विरून नुसती जाळी राहिलीय. डाव्या बाहीच्या टोकाला हरभऱ्याएवढं एक भोक. अस्तर दोन्ही काखांत फाटलंय. आणि सगळ्यात भीती वाटते ती याची: कोट झटकला की खांद्यांतून पिवळा भुगा पडतो. कसर आत शिरलीय का? शिवाय डांबरगोळ्यांचा वास, तो तर जन्मजन्मांतरीचा. गावातल्या एका लाँड्रीत नेला तर त्यानं काउंटरवरूनच परत केला. "मॅडम, कपडा जुना हाय, ग्यारंटी न्हाई."

हा कोट न कापता नीट होईल का? आणि रफू कुठे करून मिळेल?

गोलाई१६:
ताई, राग मानू नका. चाळीस वर्षं वापरला, पैसे वसूल झाले. आता लातूरच्या गोलाईत या, नवा घ्या. जुना गोधडीत घाला.

दुधनाकाठ:
गोधडीत घालण्याइतकी जुनी तर मीही झालेय. पुढचा सल्ला येऊ द्या.

ताणाबाणा:
घाईनं काही करू नका. आधी रोग ओळखू, मग औषध. चार गोष्टी बघून सांगा.

पहिली, बाहीवरच्या भोकाची कड. बोट फिरवून बघा, मऊ आहे की कडक? दुसरी, तो पिवळा भुगा चिमटीत चोळा. चिकट आणि पिठासारखा लागतो, की वाळूसारखा कणीदार? तिसरी, आतल्या शिवणीपाशी कापडाचाच एक दोरा काढा आणि चिमट्यात धरून जाळा, वाटीभर पाणी जवळ ठेवून. अस्सल लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि मागे राख राहते, ती बोटानं चुरते. टेरीन, म्हणजे पॉलिएस्टर, असेल तर वितळून काळा कडक मणी होतो. दोन्ही झालं तर मिश्रण. चौथी, अस्तर फाटलंच आहे तर आत डोकावा. मास्तर लोक कापडाची किनार बऱ्याचदा आतल्या दाबात ठेवून द्यायचे. तिच्यावर विणलेली किंवा छापलेली अक्षरं दिसतात का बघा.

हे विचारण्याचं कारण असं की कसरीची अळी लोकर खाते, कृत्रिम धागा तिला पचत नाही. मिश्र कापडात ती बऱ्याचदा लोकर खाऊन बाकीचे धागे ठेवते. तुम्ही म्हणता ती जाळी तशी असू शकते. कॉलरखालीच का? तिथे घाम आणि मानेचं तेल मुरतं, अळीला ते आवडतं.

दुधनाकाठ:
बघितलं सगळं. नवऱ्याला वाटलं मी घरात मेलेली पाल जाळतेय.

बाहीच्या भोकाची कड चक्क कडक आहे, काळपट. आणि हे लिहिता लिहिता आठवलं! त्या हिवाळ्यात आम्ही पोखर्णीच्या बाजूला एका मैत्रिणीच्या शेतात हुरडा खायला गेलो होतो. आगटीतली ठिणगी उडाली होती. तेव्हा सगळ्यांनी मिळून झटकली, आणि मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं बिचाऱ्या कसरीवर आळ.

भुगा पिठासारखा आहे आणि बोटाला थोडा चिकटतो.

दोरा जळताना केसांचा वास आला, पण टोकाला मणीही झाला. आणि किनार सापडली हो! डाव्या खिशाच्या मागे. इंग्रजीतली अर्धीच अक्षरं राहिलीत, पण 'टेरी' स्वच्छ वाचता येतंय. म्हणजे टेरीवूल. काका आयुष्यभर छातीवर हात ठेवून सांगायचे की अस्सल लोकर आहे. आता ते नाहीत, नाहीतर या दिवाळीला घेतलंच असतं त्यांना.

ताणाबाणा:
काकांना माफ करा. टेरीवूल म्हणूनच चौकडी अजून जागेवर आहे आणि चुण्या पडत नाहीत.

भुगा म्हणजे कसर नव्हे. खांद्यात मास्तरांनी फोमची गादी घातली असणार. तो फोम जुना झाला की पिवळा पडतो आणि आपोआप विरतो. काढा आणि फेका. कापसाची थर लावलेली गादी घाला, ती अशी विरत नाही.

कॉलरखालची भोकं मात्र कसरीचीच. जिवंत आहे का मेलीय हे डोळ्यांनी कळणार नाही, म्हणून अंडी मारल्याशिवाय तो कोट भाचीच्या कपाटात जाऊ देऊ नका, तिचे स्वेटरही जातील. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, तोंड पक्कं बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. कोट खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार कापडावर पाणी धरतं. त्यानंतर ऊन आणि ब्रश. शिवणी, खिशाचे कोपरे, कॉलरची घडी, सगळीकडे ब्रश फिरला पाहिजे.

दुधनाकाठ:
घरच्या फ्रीजरमध्ये बर्फाचे दोन ट्रे मावतात. गुडघ्यापर्यंतचा कोट कुठे घालू?

पाथरीची सून:
आईस्क्रीमवाल्याला विचारा. थंडीत त्याचा डीप फ्रीजर रिकामाच असतो.

आणि घरात तान्हं बाळ असेल तर डांबरगोळ्यांतले कपडे त्याच्याजवळ नेऊ नका. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं एक एन्झाइम कमी असतं, त्यांना त्या वासानं, अंगाला लागल्यानं कावीळ होऊ शकते. आमच्या घरी डॉक्टरांनी कडक शब्दांत सांगितलं होतं. जुनी टोपडी-दुपटी आपण ट्रंकेतून काढून तशीच गुंडाळतो ना बाळाला, म्हणून सांगितलं.

सुई_दोरा_नांदेड:
मॅडम, मी टेलर हाय, तीस वर्षं कोटच शिवायलो. उशिरा वाचलं.

कापू नका. भाचीला माझ्या नावानं सांगा. का ते बी सांगतो. तुमचे खिसे कमरेच्या खाली आसतील, वर झापडवाले. कोट कमरंला कापला की खिशाच्या थैल्या खालून लोंबणार. मंग खिसे वर घ्यावे लागतेत आन् जुनी चीर तशीच राहती, ती बुजत नाही. दुसरं, एवढ्या रुंद कॉलरखाली अर्धाच कोट ठिवला तर माणूस वरून जड दिसतंय. मास्तरनं कॉलर लांबी बघून काढलेली आस्ती.

आता एक करा. कॉलर जिथं छातीवर उलटती तिथं कापड चिमटीत धरा आन् थोडं चोळा. मधला थर वेगळा सरकतोय का? सरकला तर मास्तरनं कॅनव्हास हातटाक्यानं बसवलाय. आता रेडिमेड कोटात बहुतेक ठिकाणी तो थर इस्त्रीनं चिकटवत्यात, धुण्यात डिंक सुटला की फुगे येतेत. टाक्याचा कॅनव्हास अंगाच्या उबीनं छातीवर बसत जातो. कॉलर अजून गोल वळती का, का चपटी पडली?

दुधनाकाठ:
सरकतोय! आणि कॉलर वळते हो, भाचीनं तोच भाग आरशात तीनदा बघितला होता.

सुई_दोरा_नांदेड:
मंग झालं. त्या मास्तरचा हात शेरवानीचा व्हता म्हणून. शेरवानीची छाती आन् गळा शिवणाऱ्याला कोट काय जड.

रफूचं सांगतो. दोरा त्याच कापडाचा पाह्यजे, बाजारात ती चौकडी मिळणार नाही. खालची दुमडी उसवा, आत तीनचार बोटं कापड आसतंय. त्यातून हिरवा येगळा, विटकरी येगळा दोरा काढत्यात आन् भोकावर उभा-आडवा विणत्यात. मशीनचं रफू करू नका, चौकडीवर दिसतंय. कॉलरखालची जाळी वरून दिसत नाही, तिथं मागून पातळ कापड लावून हातटाके चालतेत. ठिणगीच्या भोकाची कडक कड आधी कापून घ्या, मंगच रफू धरतंय.

अस्तर नवंच टाका. जुनं अस्तर फेकू नका, उसवून सपाट करा, तोच फर्मा. पाठीत मधोमध उभी चूण ठिवायला सांगा. हात पुढं घेतला की अस्तराला जागा लागती, चूण नसली की पुन्हा काखंत फाटणार. सुती अस्तर घालू नका, आतला स्वेटर अडकतो. व्हिस्कोसचं साटीन बघा.

बटणाची बाजू बदलू नका. काज एकदा फाडलं की फाडलं.

गोलाई१६:
गोधडीचा सल्ला मागे घेतो. आमच्या आजोबांची हिमरूची शेरवानी आईनं उशीच्या अभ्र्यात घातली होती, ते आठवून आता पोटात कालवलं.

दुधनाकाठ (तीन आठवड्यांनी):
कळवायला उशीर झाला. कोट चौदा दिवस कॉलनीतल्या आईस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये होता, कुल्फीच्या शेजारी. रोज संध्याकाळी तो मला विचारायचा, "मावशी, पाहुणा कधी न्यायचा?" बाहेर काढल्यावर उन्हात घातला, ब्रश केला. उजव्या खिशाच्या कोपऱ्यातून ज्वारीचं कूस निघालं, वाळून पिवळं झालेलं. बाकी कीड काही दिसली नाही.

रफू नांदेडला झालं. शेरवानी शिवणाऱ्या एका दुकानात विचारलं, त्यांनी ओळखीच्या रफूवाल्याकडे पाठवलं. बाहीवरचं भोक मला माहीत असून सापडत नाही. कॉलरखालचं दिसतं, पण तिथं कोण बघतंय. अस्तर गडद विटकरी घातलं. हा भाचीचा हट्ट, आणि कबूल करते, मी घातलं असतं त्यापेक्षा छान दिसतंय. पाठीत चूण ठेवायला टेलर विसरतच होता. मी मोबाइल काढून वरचा प्रतिसाद वाचून दाखवला, तेव्हा म्हणाला, "हे कोण सांगितलं? बरोबर सांगितलं."

लांबीचा तह झाला. एक हिवाळा ती तसाच घालणार, मग हवं तर कापायचा अधिकार तिचा. लेखी मागत होती, मी तोंडीच दिला. काल गाडीत बसताना घातला होता. बटणं लावताना दोनदा उलटा हात गेला तिचा, माझा जायचा तसाच.

डांबराचा वास अजून किंचित आहे. यावर कुणाकडे काही?

पाथरीची सून:
दिल्लीत रोज घालेल, वारा लागेल, महिन्याभरात जाईल. अत्तर मारू देऊ नका, दोन्ही वास मिळून तिसरा होतो.

गोलाई१६:
हा धागा वाचून वडिलांचा लग्नातला कोट काढलाय, १९७६चा. कॉलर माझ्या तळहातापेक्षा रुंद. बायको हसायली, मुलगा मात्र घालून बसलाय. सुरुवात कुठून करू?

दुधनाकाठ:
मुलाला आधी अंगणात न्या आणि खांदे झटका. भुगा पडतो का बघून सांगा.