जांभ्याच्या भिंतींतून वायफाय मागच्या खोलीपर्यंत कसं न्यावं? राउटर निवडायला मदत हवी आहे

गडग्याआड

नमस्कार मंडळी,

देवरुखजवळच्या गावात आमचं जुनं कौलारू घर आहे. मुंबईचं भाड्याचं घर सोडून आम्ही आता इथेच राहायला आलोय. माझं अकाउंट्सचं काम घरून चालतं, मुलीचे बारावीचे क्लास ऑनलाइन आहेत आणि सासऱ्यांच्या डॉक्टरांशी अधूनमधून व्हिडिओवर बोलावं लागतं. मोबाइलची रेंज अंगणातल्या गडग्यापाशी गेल्याशिवाय येत नाही, त्यामुळे साधा फोनसुद्धा वायफाय कॉलिंगवरच चालतो. इथे कायमचं राहायचं की परत शहर गाठायचं, हे आमच्यासाठी बऱ्याच अंशी नेटवर ठरणार आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घर असं आहे: पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून पडवीची बंदिस्त केलेली खोली. ही खोली म्हणजे माझी कामाची जागा. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, हातभर जाड. ओटीवर मीटरशेजारी एक कोनाडा आहे. फायबर जोडायला आलेल्या माणसाने कंपनीचा डबा (मोडेम आणि वायफाय एकत्र असलेला) त्या कोनाड्यात ठेवला आणि तो गेला. लँडलाइनही त्याच डब्याला जोडलेली आहे.

प्लॅन १०० एमबीपीएसचा. लॅपटॉप वायरने डब्याला जोडला की ९४ मिळतात, ओटीवर वायफायवरही जवळपास तेवढेच. माजघरात १५-२० वर येतं. पडवीच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचं नाव यादीत दिसतच नाही आणि २.४ वर कधी ३ मिळतात, कधी कॉल मध्येच तुटतो. पावसाळ्यात तर आणखी वाईट होतं. तो माझा भास आहे की खरंच तसं असतं, ते कळत नाही.

तालुक्याच्या दुकानदाराने चार अँटेनांचा वायफाय ६ राउटर सुचवला आहे. म्हणतो, "हा कुठल्याही भिंतीतून जातो." बजेट साडेचार-पाच हजार. माझे प्रश्न:

असा राउटर खरंच जांभ्यातून पार जातो का? कंपनीचा डबा काढून त्याच्या जागी लावायचा की त्याच्या जोडीला? रिपीटर (सिग्नल पकडून पुढे देणारा) किंवा मेश (एकमेकांशी जोडून चालणारे दोन-तीन डबे) घेणं बरं पडेल का? वायर टाकायची झाली तर उंदीर, वानरं आणि वळवाच्या विजा यांचं काय करायचं? शिवाय लाइट गेली की डबा बंद पडतो आणि पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो, त्याला काय उपाय?

तारवाला

ताई, माहिती इतकी नीट दिलीत की निम्मं काम झालंच आहे. वायरवर ९४ मिळतात म्हणजे फायबर आणि प्लॅन दोन्ही ठीक. अडचण फक्त डब्यापासून पुढे आहे.

दुकानदाराचं ऐकू नका. राउटरने किती ताकदीने लहरी सोडायच्या याला सरकारी मर्यादा आहे आणि ती दोन अँटेनांच्या राउटरला आहे तशीच चारवाल्यालाही आहे. आणि समजा राउटरचा आवाज भिंतीपलीकडे पोचला, तरी तुमच्या फोनचं उत्तर परत यायला हवं. फोनची ताकद राउटरपेक्षा कमी असते. वायफाय ६ चा खरा फायदा घरात एकाच वेळी बरीच उपकरणं चालतात तेव्हा दिसतो. दगडापुढे त्याचं फारसं काही चालत नाही.

पावसाळ्याचं म्हणाल तर तो तुमचा भास नाही. जांभा सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो, आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त लहरी शोषते.

कंपनीचा डबा काढू नका. फायबर बाजारातल्या साध्या राउटरला थेट जोडता येत नाही, आणि लँडलाइनची सेटिंग्जही त्या डब्यातच असतात. नवा राउटर जोडीलाच लावायचा, तोही 'ॲक्सेस पॉइंट' (फक्त वायफाय पसरवणारा डबा) म्हणून आणि वायरने. रिपीटर नको. साधा रिपीटर ज्या बँडवर (२.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ) सिग्नल घेतो त्याच बँडवर पुढे देतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. मेशच्या दोन डब्यांनाही एकमेकांशी बोलायला भिंत ओलांडावीच लागते, म्हणजे वायर नसेल तर अडचण तीच.

चिरेबंदी

आमचंही राजापूरकडे असंच घर आहे, म्हणून राउटर घेण्याआधी करायची एक गोष्ट सांगतो: डबा कोनाड्यातून बाहेर काढा. कोनाडा म्हणजे तीन बाजूंनी दगड, शिवाय शेजारी मीटरची लोखंडी पेटी. लाइनमनला सांगून फायबर माजघरापर्यंत वाढवून घ्या. कौलारू घरात माळ्यावरून, वाशांच्या कडेने ती सहज जाते. फक्त कोपऱ्यात करकचून वाकवू देऊ नका, काटकोन झाला की आत प्रकाशाची गळती होते. माजघरात माणसाच्या डोक्याच्या थोडं वर, उघड्या फळीवर डबा ठेवा. लोखंडी कपाटामागे नको.

त्यानंतर फोनवर वायफाय ॲनालायझरचं कुठलंही ॲप घेऊन खोल्याखोल्यांतून फिरा. सिग्नलच्या ताकदीचा आकडा (डीबीएम, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) उणे ६५च्या आसपास किंवा त्याहून बरा असेल तर व्हिडिओ कॉल चालतो. उणे ८०च्या खाली गेला की तुटणारच.

गडग्याआड

दोघांचेही मनापासून आभार. लाइनमन कालच येऊन गेला, डबा आता माजघरात आहे. मुलीच्या क्लासची काळजी मिटली, तिथे ५ गिगाहर्ट्झवर पूर्ण वेग मिळतो. सासऱ्यांच्या खाटेपर्यंतही चांगलं येतं. पडवीच्या खोलीत मात्र उणे ७८. म्हणजे वायर टाकायलाच हवी ना? ती कशी टाकायची आणि राउटर कोणता बघायचा, ते सांगाल का?

तारवाला

होय, टाकाच. आणि आता अंतर कमी झालंय, त्यामुळे सोपंही झालं. नेटची कॅट ६ वायर घ्या, पण पूर्ण तांब्याची. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर सर्रास मिळते, ती दमट हवेत लवकर दगा देते. माळ्यावरून नेताना लाइट फिटिंगच्या कडक पीव्हीसी पाइपातून न्या, म्हणजे उंदरांचा त्रास बराच कमी होतो. शक्यतो घराच्या आतूनच जाऊ द्या. बाहेरून वळचणीखालून नेली तर वानरं ओढतातच, शिवाय विजेचा धोका वाढतो. लाइटच्या वायरींना समांतर, चिकटून नेऊ नका. टोकांना आरजे ४५ प्लग बसवायला सीसीटीव्हीचं काम करणारा कुणीही चालेल, ते फार वेळाचं काम नाही.

राउटर घेताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. '१२००' लिहिलेलं असतं तेव्हा ती २.४ वरची ३०० आणि ५ वरची ८६७ यांची वर गोळा केलेली बेरीज असते, आणि ती कागदावरची. तुम्ही पोर्ट (वायर जोडायच्या खाचा) बघा. बऱ्याच स्वस्त १२००वाल्यांचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. उद्या प्लॅन वाढवलात तर तिथेच अडकाल, म्हणून गिगाबिट (१००० एमबीपीएस) पोर्टचा घ्या. दोन बँडचा, 'ॲक्सेस पॉइंट मोड' असलेला वायफाय ६ राउटर तुमच्या बजेटमध्ये वायरीसकट बसायला हरकत नाही.

सेटिंगमध्ये आधी मोड बदला. त्या मोडमध्ये नवा राउटर आयपी पत्ते (प्रत्येक उपकरणाचा नेटवर्कमधला क्रमांक) वाटायचं थांबतो आणि ते काम कंपनीच्या डब्याकडेच राहतं. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तेच द्या, म्हणजे फोन खोली बदलताना सहसा आपोआप जवळचा राउटर धरेल. २.४ गिगाहर्ट्झवर एकाला चॅनल १, दुसऱ्याला ६ किंवा ११ द्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. राउटरचा मूळ ॲडमिन पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून पासवर्डशिवाय जोडायची सोय) बंद करा.

चिरेबंदी

लाइटसाठी मिनी यूपीएस मिळतो, डब्याच्या ॲडॉप्टरऐवजी थेट १२ व्होल्ट देणारा. घेण्याआधी दोन्ही ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. एखादा राउटर ९ व्होल्टचा निघतो, त्याला १२ लावायचे नाहीत. दोन्ही डब्यांना वेगवेगळा यूपीएस लागेल.

विजांचं मात्र गांभीर्याने घ्या. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण खांबावरून येणाऱ्या केबलला आधाराची लोखंडी तार असते. ती बाहेरच कापलेली आहे ना, आत आलेली नाही ना, ते बघा. आभाळ भरून आलं की, गडगडाट सुरू व्हायच्या आधीच, दोन्ही ॲडॉप्टर आणि लॅनची वायर काढून ठेवायची. लँडलाइनच्या फोनची वायर अंगणातून कुठे फिरवलेली असेल तर तीही.

गडग्याआड

लँडलाइनची एक वायर गोठ्यापर्यंत नेलेली आहे खरी, सासऱ्यांनी तिथे जोडफोन ठेवलाय. ती उद्याच काढून घेते. वायर आणि पाइप रविवारी आणतोय, सीसीटीव्हीवाल्याशीही बोलणं झालं. एकच विचारायचं राहिलं: स्वयंपाकघरातून वायर जाणार ती चुलीच्या वरच्या माळ्यावरून. तिथे धूर आणि उष्णता असते. पाइप पुरे का, की तेवढा भाग वळसा घालून न्यावा?

तारवाला

वळसाच घाला. काजळी पाइपावर बसली तर काही बिघडत नाही, पण रोजच्या उष्णतेने पीव्हीसी मऊ पडून लोंबतो आणि आतल्या वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं. पाच-सहा मीटर वायर जास्त लागली तरी चालेल. लॅनची वायर १०० मीटरपर्यंत पूर्ण वेग देते आणि तुमचं घर त्यात सहज बसतं.