वादळात वस्तीचा रस्ता तुटतो तेव्हा जुनाट दुखणे कसे निभवावे?

मांजराकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझे वय ४६ असून केज तालुक्यात, मांजरा धरणाच्या वरच्या अंगाला आमची शेतवस्ती आहे. गाव दोन किलोमीटरवर आहे, परंतु मधल्या ओढ्यावर नळकांडी पूल असल्यामुळे मोठा पाऊस झाला की गाव असून नसल्यासारखे होते. मला गेली १९ वर्षे अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणके हळूहळू ताठरत नेणारा संधिवात आहे. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात उपचार सुरू आहेत आणि गोळ्या, सकाळचा व्यायाम व दिवसभराचे चालणे यांवर एरवी माझे बरे चालते. प्रश्न आहे तो वादळाच्या दिवसांचा.

सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी मराठवाड्यात कोणाला नव्याने सांगावी लागणार नाही. त्या दिवसांत एका रात्री वाऱ्याने आमच्या गोठ्यावरचे तीन पत्रे उडाले, डीपी जळाल्यामुळे तीन दिवस वीज नव्हती आणि घर दोन ठिकाणी गळू लागल्याने आम्ही पाच जणांनी एका कोरड्या कोपऱ्यात रात्र काढली. मला बाजेवर झोपवून बाकीचे खाली बसले. त्यामागे माया होती, पण बाजेच्या झोळात पाठ सात तास एकाच आकारात राहिली आणि पहाटे मला कूस बदलता येईना. बायकोने माझे दोन्ही गुडघे धरून मला ओंडक्यासारखे एका अंगावर लोटले, तेव्हा कुठे पाय जमिनीला लागले. रोज सकाळी मी दाराच्या चौकटीला टाचा व पाठ टेकवून डोके मागे टेकते का, ते पाहतो. त्या सकाळी डोके आणि चौकट यांच्यात चार बोटे अंतर राहिले.

सुजेच्या गोळ्या चारच उरल्या होत्या, त्या मी एक दिवसाआड घेतल्या. बैल हलवणे, पाणी उपसणे, उडालेले पत्रे गोळा करणे ही सारी कामे बायकोने आणि पंधरा वर्षांच्या मुलाने केली. मी दारात उभा राहून बॅटरी धरली. दुखण्यापेक्षा ते उभे राहणे मला जास्त लागले, हेही लिहून टाकतो.

वडील म्हणतात की आभाळ भरून आले की हाडे बोलतात, तर शेजारचे म्हणतात की हे मनाचे खेळ आहेत. यातले खरे काय आहे, आणि पुन्हा असा प्रसंग आला तर त्या दोन-तीन दिवसांत स्वतःला कसे सांभाळावे, याविषयी अनुभवी मंडळींनी लिहावे, ही विनंती.


औसा_रोड

दादा, मला २००९ पासून आमवात आहे. बोटे आधी गेली, मग मनगटे, आता गुडघे. आमचे जुने घर माळवदाचे होते आणि झडीच्या पावसात माळवदाची माती पाणी पिऊन किती जड होते, हे किल्लारीच्या बाजूच्या माणसाला सांगावे लागत नाही. म्हणून पाऊस लागला की आम्ही पत्र्याच्या खोलीत जातो. पत्र्यावर गारांचा मारा सुरू झाला की आवाजानेच अंग आखडते आणि आखडलेले अंग जास्त दुखते. त्यावर मला एकच उपाय सापडला आहे, तो म्हणजे डोक्यावरून वाकळ घेऊन मनातल्या मनात हरिपाठ म्हणायचा. त्याने दुखणे जात नाही, पण दात आवळलेले राहत नाहीत.

माझा खरा धडा गोळ्यांचा आहे. मला रोज थोड्या मात्रेत स्टेरॉइडची गोळी असते. एका पावसात मेडिकलला जाता आले नाही आणि दोन दिवस ती चुकली; तिसऱ्या दिवशी मला इतके गळून गेल्यासारखे झाले, उलट्या झाल्या, की घरच्यांना वाटले पाणी बाधले. नंतर डॉक्टरांनी बजावले की ही गोळी अचानक तोडायची नसते. तेव्हापासून मृग लागण्याआधी मी डॉक्टरांना सांगून पंधरा दिवसांचा जादा साठा लिहून घेते आणि तो फिरकीच्या झाकणाच्या बरणीत, सोबत तांदळाची पुरचुंडी टाकून, उंच फळीवर ठेवते. बरणीत एक कागद असतो आणि त्यावर गोळीचे नाव, कधी घ्यायची, कशावर घ्यायची, हे मोठ्या अक्षरात मुलीकडून लिहून घेतले आहे. माझी मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवाताची मुख्य गोळी, आठवड्यातून एकदाच, रविवारी असते. वीज नाही, मोबाइल बंद, रात्रंदिवस सारखाच अंधार, अशात वार विसरतो, आणि ती गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते. म्हणून त्या कागदावर वारांच्या रेघा मारून ठेवल्या आहेत. घेतली की रेघ खोडायची.

शेकासाठी विजेची पट्टी अशा दिवसांत निरुपयोगी असते. खडेमीठ तव्यावर तापवून जुन्या सुती कापडात बांधा. ते बराच वेळ ऊब धरते. मात्र चूल पेटली तर मीठ तापणार, म्हणून एक भारा तुराट्या मी घरात, माळ्यावर ठेवते. बाहेरच्या गंजीतल्या भिजलेल्या पळाट्या नुसता धूर करतात. मधुमेहामुळे पायाला बधिरपणा असेल, तर शेक आधी दुसऱ्याच्या हाताला लावून पाहावा. आमच्या जाऊबाईंची पोटरी अशीच भाजली होती.


परभणीचा_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे; औषधाचे अंतिम मत आपल्या डॉक्टरांचेच असावे. आधी वडिलांच्या म्हणण्याविषयी लिहितो, कारण ते अगदीच निराधार नाही. ब्रिटनमध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २,६५८ दीर्घ वेदना असलेल्या लोकांच्या मोबाइलवरील रोजच्या नोंदी त्यांच्या ठिकाणच्या हवामानाशी ताडून पाहिल्या आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दमटपणा जास्त, हवेचा दाब कमी आणि वारा जोराचा असलेल्या दिवशी दुखणे वाढण्याची शक्यता खरोखर अधिक आढळली. पण किती, तर साध्या दिवशी शंभरात पाच जणांचे दुखणे वाढत असेल, तर अशा वाईट दिवशी सहा जणांचे. म्हणजे हाडे बोलतात हे खरे, पण आपली त्या पहाटेची अवस्था एकट्या हवेने झाली, असे मला वाटत नाही.

आपण स्वतःच कारण लिहिले आहे. सात तास बाजेच्या झोळात. कमरेची चकती सरकलेल्या माणसाला विश्रांतीने अनेकदा बरे वाटते. आपला आजार त्याच्या उलट वागतो. तो स्थिर राहिल्याने ताठरतो आणि हालचालीने सैलावतो, म्हणूनच तो पहाटे सर्वांत वाईट असतो. घरच्यांनी दिलेली मानाची जागा नेमकी आपल्या मणक्याच्या शत्रूची होती. पुढच्या वेळी बाज वडिलांना द्या आणि आपण दोन वाकळी घालून लाकडी फळ्यांवर किंवा जमिनीवर निजा. फरशी ओलावत असेल तर खाली खताच्या रिकाम्या गोण्या अंथराव्यात. दर तासाला उठायचेच, मग पाऊस असो की नसो. पाच मिनिटे पालथे झोपणे, मांजरासारखी पाठ वर-खाली करणे, उभे राहून खांदे मागे नेणे आणि दहा खोल श्वास घेऊन बरगड्या फुलवणे, इतके दहा बाय दहाच्या खोलीतही होते. श्वासाचा व्यायाम सोडू नका, कारण या आजारात बरगड्यांचे सांधेही आखडतात.

एक सावधगिरी. विजा कडाडत असताना भिंतीला पाठ लावून व्यायाम करू नका, लोखंडी चौकट किंवा नळ धरू नका आणि काँक्रीटच्या जमिनीवर आडवे होऊ नका. तेवढा वेळ खोलीच्या मध्यावर कोरड्या लाकडी पाटावर बसावे. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे दामिनी ॲप जवळच्या विजांची सूचना देते. रेंज असेतोवर त्याचा उपयोग होतो.

गोळ्या एक दिवसाआड घेण्यात दोन्हीकडून तोटा झाला असावा, कारण सूज आटोक्यात राहिली नाही आणि गोळ्याही संपल्या. उलट, चुकलेली मात्रा भरून काढण्यासाठी दोन एकदम घेणे किंवा घरातल्या दुसऱ्याची तशीच गोळी त्यात मिसळणे हेही टाळावे. वादळात जेवण अनियमित होते आणि बाहेर जावे लागू नये म्हणून माणसे पाणी कमी पितात. रिकाम्या पोटी आणि कमी पाण्यावर या गोळ्या जठराला व मूत्रपिंडाला त्रास देतात, म्हणून चार घास आणि तांब्याभर पाणी हा त्यांचाच भाग समजावा. पूर ओसरल्यावर ताप आला तर मात्र डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या सुजेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. डेंग्यू नाही ना, हे आधी तपासून घ्यावे. चिखलपाण्यात वावरलेल्या माणसाने लेप्टोस्पायरोसिसचेही, म्हणजे उंदीर-जनावरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचेही, डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक गोष्ट निसटू नये. ताठरलेला मणका ठिसूळही असतो. ओल्या अंगणात साधे घसरून पडलात आणि मानेत किंवा पाठीत नेहमीपेक्षा वेगळी कळ आली, तर तिला जुनेच दुखणे म्हणू नका. दोन्ही पायांत अचानक बळ नसणे, जांघेत बधिरपणा, लघवी अडकणे, यांपैकी काहीही झाल्यास १०८ ला फोन करावा आणि मान-पाठ आहे त्याच स्थितीत ठेवून हलवावे.


बालाघाट

इतके कशाला? आमच्याकडे बाजाराच्या दिवशी एक जण वाताची पुडी देतो. तीन दिवसांत माणूस घोड्यासारखा चालतो. आमच्या चुलत्यांनी दोन पावसाळे तिच्यावरच काढले.


परभणीचा_फिजिओ

तीन दिवसांत घोड्यासारखा चालवणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. वर औसा_रोड ताईंनी ती गोळी अचानक तुटल्यावर काय होते ते लिहिले आहे. पुरात बाजारच भरला नाही तर पुडीवाल्याच्या गिऱ्हाइकाचे तेच होते आणि कशामुळे झाले, हे डॉक्टरलाही कळत नाही. चुलत्यांची पुडी त्यांना आपल्या मनाने बंदही करू देऊ नका; आहे ती पुडी घेऊनच त्यांना दवाखान्यात न्या.


सीनाकाठ

आम्ही परंडा तालुक्यातले. वरील सर्व सल्ले घरात राहून वादळ काढण्याचे आहेत आणि ते चांगलेही आहेत. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे, की दुखणेकरी माणसाने घरात राहूच नये. माझ्या आईचे दोन्ही गुडघे निकामी आहेत. सप्टेंबरच्या त्या पुरात सीनेचे पाणी शेतात आल्यावरही ती म्हणत राहिली की अंगणात आले की निघू. अंगणात पाणी आले तेव्हा अंधार होता आणि तिला पाठुंगळी घेताच गुडघे दुमडल्याने ती अशी किंचाळली की मी तिला तिथेच खाली ठेवले. शेवटी प्लॅस्टिकच्या हातवाल्या खुर्चीत बसवले, हातांखालून दोन वेळू घालून दोराने आवळले आणि चौघांनी उचलले. खुर्चीत गुडघे हवे तसे ठेवता येतात, पाठुंगळी तसे नाही. दादांच्या मणक्याला तर पाठुंगळीचा विचारही करू नये.

तेव्हापासून आमचा ठराव असा आहे की इशारा आला आणि ओढ्याला रंग आला, की आई उजेडीच गावातल्या बहिणीकडे जाते, मग पाऊस पडो अथवा न पडो. दोनदा उगीच गेली, दोन्ही वेळा आमच्यावर चिडली. गावात आरोग्याचे काम पाहणाऱ्या आशाताईंच्या वहीत तिचे नाव आधी दिले आहे आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिला आहे, कारण कागद भिजतो.

बॅटरी धरण्याच्या आपल्या दुःखाविषयी एक सांगतो. त्या रात्री वेळूला दोर बांधताना आमचा उजेड गेला आणि गाठ चाचपडत मारावी लागली. ती मध्येच सुटली. तेव्हा बॅटरी धरणारा एक माणूस मिळाला असता, तर मी त्याच्या पाया पडलो असतो.


मांजराकाठ

सर्वांचे आभार. बाज वडिलांना दिली. ते म्हणाले, इतकी वर्षे मीच मागत होतो. डॉक्टरांना विचारून पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या आणल्या, तुराट्यांचा भारा माळ्यावर टाकला आणि तासातासाला उठण्याची रंगीत तालीम दोन रात्री केली. पहिल्या रात्री सगळ्या घराची झोपमोड झाली. दुसऱ्या रात्रीनंतर सकाळी चौकटीशी दोन बोटे अंतर होते, तेही पाऊस नसताना, त्यामुळे त्याचा अर्थ मी अजून लावत नाही.

लवकर निघण्याचे मात्र मनाला पटते आणि पायांना पटत नाही. मी गावात आणि बैल, बायको, मुलगा वस्तीवर, हे चित्र डोळ्यांपुढे आले की अंग आखडते. त्यावर आमच्यात बोलणे झाले आणि सध्या एवढेच ठरले आहे की बैल आधी गावातल्या भावकीच्या गोठ्यात जातील आणि आम्ही सगळे त्यांच्यामागून. काल आशाताईंकडे नाव नोंदवले. त्यांनी विचारले की उचलायला किती माणसे लागतील. मी दोन म्हणालो. बायको मागून चार म्हणाली. वहीत चार लिहिले आहेत.