सोफा सोडा, टेबल बिनधास्त घ्या

'सेकंडहँड फर्निचर नकोच, ढेकूण येतात' असं बरेच जण म्हणतात, ते निम्मंच खरं. लाकडी टेबल, खुर्च्या, पुस्तकांचं शेल्फ खुशाल घ्या. गादी मात्र फुकट मिळाली तरी नको. सोफा घ्यायचाच असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून शिवणी बघा, मग उलटा करून खालच्या कापडाच्या कडा बघा. शाई शिंपडल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसले की विकणाऱ्याला नमस्कार करून निघायचं. यूकेत असाल तर सोफ्यावरचं आगीसंबंधीचं लेबल शाबूत हवं. १९८८च्या नियमांमुळे लेबल नसलेला सोफा चॅरिटी शॉपवाले घेत नाहीत, म्हणजे उद्या तुम्हाला तो दान करायचा झाला तरी पंचाईत!

आयकियाची भुशाच्या फळ्यांची कपाटं एकदा सुटी करून परत जोडली की स्क्रू नीट पकडत नाहीत. शक्यतो अख्खं कपाटच उचला. अर्थात आधी आपल्या दाराची आणि जिन्याची रुंदी मोजून.

कपड्यांचं सोपं आहे. घरी आणल्या आणल्या ड्रायरमध्ये, कडक उष्णतेवर किमान अर्धा तास. लोकरीचं असेल तर बंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये चार-पाच दिवस. कोट घेताना काखेतलं अस्तर आणि चेन तपासा, बाकी सगळं दुरुस्त होतं.

अमेरिकेत कॉलेजच्या गावी असाल तर मे महिन्यात सत्र संपताना नजर ठेवा, मुलं चांगले दिवे आणि टेबलं रस्त्याकडेला ठेवून जातात. आणि फेसबुक मार्केटप्लेसवर वस्तू बघण्याआधी कोणी ॲडव्हान्स मागितला तर सरळ ब्लॉक करा.